जुळवणीचा महिना

ता. ३, सोमवार

धाकटी आज कामाला लागली. वय एकेचाळीस, नोकरी पहिली. मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठा आणि वर्तमानपत्राचा वार्ताहर. दुसऱ्यांच्या शुभारंभांवर दोनदोनशे शब्द लिहून आजवर पोट भरलं, आणि आज स्वतःच्या घरात शुभारंभ होता तर मला डब्याचं झाकण लागेना. गोळ्यांची डबी तपासली, पाण्याची बाटली तपासली, मग पुन्हा गोळ्यांची डबी. ती चपला घालून दारात उभी. म्हणाली, "दादा, कामाला तू चाललायस की मी?"

काम पुस्तकबांधणीचं. गल्लीच्या टोकाला तीन खोल्या. मागच्या खोलीत कागद कापायचं यंत्र, मधल्या खोलीत शिवण, पुढच्या खोलीत रस्त्याकडच्या खिडकीलगत एक लांबलचक टेबल. मालकीण बाइंडरबाई स्वतः यंत्रावर असतात. पहिल्याच भेटीत त्यांनी मला बजावलं, "महिनाभर बघते, एकतीसला सांगते. दया म्हणून ठेवून घेणार नाही हं, वार्ताहरसाहेब. पान चुकलं तर वाचणारा दया दाखवत नाही."

ही नोकरी धाकटीने स्वतः मिळवली. दारावरची पाटी वाचली, आत गेली, विचारून आली आणि मग मला कळवलं. एवढी यातायात कशासाठी, असं मी म्हणालो. तिने विचार केला आणि म्हणाली, "एखाद्या सकाळी मी नाही पोचले, तर कुणीतरी विचारावं, ही आज का नाही आली. तू सोडून कुणीतरी."

हे जुळवायला तिला अर्धं मिनिट लागलं. तेविसाव्या वर्षी तिच्याशी भिंती बोलायला लागल्या, त्याला आता अठरा वर्षं झाली. भिंती गप्प झाल्यालाही अकरा वर्षं होतील. पण तेव्हापासून तिची वाक्यं उशिराच पोचतात. पोचतात तेव्हा मात्र धड पोचतात. माझ्या संपादकांविषयी मला असं म्हणता येणार नाही.

अकराला फोन केला. सर्व सुसंस्कृत कचेऱ्यांत ही चहाची वेळ.

"सगळं ठीक?"

"ठीक."

"घाबरली नाहीस ना?"

"नाही. तू?"

ता. ४, मंगळवार

संध्याकाळी कामाचं स्वरूप तिच्याकडून काढून घेतलं. मुलाखत घेणं हा माझा धंदा, तरी पाऊण तास गेला. छापखान्यातून मोठे कागद येतात. त्यांच्या घड्या घालून सोळा-सोळा पानांचे जुडगे करतात. अशा एका जुडग्याला म्हणायचं फर्मा. सध्याच्या पुस्तकाचे फर्मे चौदा, म्हणून टेबलावर चौदा थप्प्या ओळीने मांडलेल्या. पहिल्या थप्पीपासून चालत जायचं, प्रत्येकीतला एक फर्मा उचलून डाव्या हातावर घ्यायचा, चौदावीपाशी पुस्तक पुरं झालं की बाजूला ठेवायचं आणि पुन्हा पहिलीपाशी. फर्म्याच्या पाठीवर एक काळी खूण छापलेली असते, प्रत्येकाची आधीच्यापेक्षा थोडी खाली. सगळे क्रमाने लागले तर पाठीवर तिरका जिना दिसतो. पायरी मोडली की समजायचं, चुकलं.

हे ऐकल्यावर माझ्यातला संस्कृतचा विद्यार्थी कसला गप्प बसतोय! क्रम डोक्यात ठेवायचा तर छंदासारखं साधन नाही. तिथल्या तिथे अनुष्टुभ रचला: 'पश्यादौ प्रथमं पत्रं द्वितीयं तदनन्तरम्।' आधी पहिलं पान बघ, त्यानंतर दुसरं. काव्यगुण बेताचे आहेत, मान्य. पण चौदापर्यंत सात ओळी निघाल्या.

आमचे वडील संस्कृतचे मास्तर. त्यांनी लहानपणी पाठ करून घेतलेलं धाकटीला अजून धडाधड येतं, मी अडखळतो तिथे ती पुढचं सांगते. ही नवी सात ओळींची कामगिरी मात्र बसेना. पहिली ओळ बारा वेळा म्हणून घेतली. तेराव्या वेळी ती म्हणाली, "दादा, थप्प्या तर ओळीनेच मांडलेल्या असतात."

मी म्हटलं, तरीपण.

ता. ६, गुरुवार

चुका निघाल्या. काल सात, आज आठ पुस्तकं. शिवायच्या आधी सापडली म्हणून निभावलं.

बाइंडरबाईंना भेटून आलो. त्या हाताला लागलेली खळ पुसत म्हणाल्या, "मला कळत नाही बघा. सकाळी ढिगामागून ढीग असा बिनचूक लावते, की वीस वर्षं काम केलेल्या बाईने लाजावं. मग एकाएकी कुठेतरी बिघडतं ते जेवणापर्यंत. जेवणानंतर आम्ही थप्प्या नव्याने लावतो, की पुन्हा सरळ. भुकेचं काही आहे का बघा."

डोंगरावरचा धूर पाहून अग्नीचं अनुमान करायला शिकलेला माणूस मी. जेवणानंतर सुधारतं, त्याअर्थी जेवणाआधी भूक. प्रश्न सुटला. उद्यापासून बिस्किटांचा पुडा बरोबर द्यायचा. पण ती खायला विसरणार, म्हणून अकराच्या फोनवर आठवण करायची.

ता. १०, सोमवार

बिस्किटांचा उपयोग शून्य. पुडा मात्र संपतो, त्यामागे शिवणमावशी असावी असा माझा कयास.

ही मावशी मधल्या खोलीत फर्मे शिवते. आज बाजारात भेटली आणि हात जोडून म्हणाली, "भाऊ असावा तर असा! रोज अकराच्या ठोक्याला फोन. हातातलं सगळं टाकून ती घेते बिचारी. आमच्या भावाला माझा नंबर तरी ठाऊक असेल का, देव जाणे." चारचौघांत संकोच वाटला. खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं.

ता. १३, गुरुवार

धाकटीला घेऊन डॉक्टरबाईंकडे. त्यांनी तासभर परीक्षा घेतली. आकडे सांगायचे, तिने उलटे म्हणायचे. तीन आकडे जमले, चारला अडली. मग खुणा आणि आकडे यांच्या जोड्या भरायचा कागद दिला. बिनचूक भरला, पण वेळ संपली तेव्हा निम्म्याहून जास्त घरं रिकामी होती. मी बाजूला बसून मनात सहा आकडे उलटे म्हटले आणि ते डॉक्टरबाईंना सांगितलेही. त्या म्हणाल्या, "छान. पण परीक्षा तुमची नव्हती."

मग धाकटीसमोरच त्यांनी समजावलं. आवाज येणं हा या आजाराचा गडबड करणारा भाग, तो गोळ्यांनी बसतो. दुसरा भाग गाजावाजा करत नाही आणि गोळ्यांना फारशी दादही देत नाही. मेंदूचा कपाळामागचा भाग हातातलं काम तात्पुरतं धरून ठेवतो: मी आता कुठे आहे, पुढे काय, कशासाठी उठले. तिची ती पकड लहान झाली आहे. "आळस नाही, मंदपणा नाही. हाताला बसलेलं काम ती तुमच्या-माझ्यासारखंच करील. पण ते चालू असताना कुणी हटकलं, दुसरंच काही विचारलं, की ती जिथे होती ती जागाच पुसली जाते. परत सापडायला आपल्याला दोन क्षण लागतात, तिला बराच वेळ लागतो."

धाकटी म्हणाली, "हो. तसंच." आणि माझ्याकडे बघितलं.

अठरा वर्षं मी तिला गमतीने 'दीर्घसूत्री महाराणी' म्हणत आलो. आज घरी येताना म्हणालो नाही. तिनेच विचारलं, "महाराणी कुठे गेल्या?"

ता. १४, शुक्रवार

डॉक्टरबाईंचं म्हणणं बाइंडरबाईंच्या कानावर घालणं अगत्याचं होतं. अकराला धाकटीशी बोलून झाल्यावर लगेच त्यांना फोन लावला आणि निक्षून सांगितलं: काम चालू असताना तिला कुणीही मध्ये हटकू नये, कुणीही. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे कोण हटकतंय? मी आपली यंत्रावर असते." चौकशी करते म्हणाल्या.

ता. १७, सोमवार

विचार केला, पकड लहान झाली असेल तर व्यायामाने वाढवावी. अकराच्या फोनला आता तीन अंगं आहेत: बिस्किटं, अनुष्टुभाची उजळणी आणि उलटे आकडे. एकूण बारा मिनिटं. आज तिने चार आकडे उलटे म्हटले! मला इतका आनंद झाला की चौकातल्या चहावाल्यालाही सांगितलं. त्याने सहा म्हणून दाखवले.

चुका वाढल्यात. कारण कळत नाही.

ता. २०, गुरुवार

वाईट दिवस. बाइंडरबाई काल दुपारपर्यंत कागद आणायला बाहेर होत्या. त्यामुळे जुळवलेले ढीग कुणी न बघता थेट शिवणीला गेले, शिवून खळ लागून कव्हरंही चढली. आज उघडून पाहिलं तर अकरा पुस्तकांत नववा फर्मा नाहीच, त्याच्या जागी दुसराच कुठलातरी दोनदा. एका पुस्तकात तो आठवा: गोष्टीतला माणूस घरातून निघतो आणि सोळा पानांनंतर पुन्हा त्याच घरातून निघतो.

बाई घरी आल्या. ओरडल्या नाहीत, ते जास्त लागलं. म्हणाल्या, "पोरगी गुणी आहे. पण एकतीसपर्यंत ओढण्यात अर्थ नाही असं मला वाटायला लागलंय. उद्याचा दिवस बघते."

धाकटी आतून ऐकत होती. बाई गेल्यावर तिने उद्याची साडी काढली, इस्त्री केली आणि इस्त्रीचं बटण बंद केलं का, हे तीनदा पाहिलं. मी काही विनोद करायला गेलो, तो झाला नाही.

ता. २१, शुक्रवार

सगळं क्रमाने लिहितो.

बाइंडरबाईंकडे रदबदली करायची म्हणून साडेदहालाच गल्लीत पोचलो. आत जायचं धाडस होईना. समोरच्या फुटपाथवर उभा राहिलो. तिथून खिडकीतून लांब टेबल दिसतं. धाकटी काम करत होती. मी तिला असं काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. पहिली थप्पी, दुसरी, तिसरी. पाऊल आणि हात एका लयीत. ओठ हलत नव्हते, म्हणजे अनुष्टुभ चालू नव्हता. घरात चमचा हातात घेऊन 'कशाला घेतला' म्हणून उभी राहणारी हीच का, असं वाटलं.

अकरा वाजले. माझा हात सवयीने खिशात गेला. मी फोन लावला.

ती आठव्या थप्पीपाशी होती. डाव्या हातावर आठ फर्मे, उजवा हात नवव्याकडे निघालेला. फोन वाजला, हात हवेत थांबला. तिने आठही फर्मे समोर दिसलेल्या थप्पीवर ठेवले, बाराव्या की तेराव्या. पदराला हात पुसले, फोन कानाला लावला आणि हसली. घरी ती सहसा हसत नाही. तिचा चेहरा हलायला वेळ लागतो. इथे ती फोनकडे बघून हसली.

"दादा, बोल."

"काही नाही," म्हटलं, "सहज."

"बिस्किटं?"

"नको. ठेव."

तिने फोन ठेवला आणि टेबलासमोर उभी राहिली. एका थप्पीवर हात नेला, मागे घेतला. पहिलीकडे गेली, परत आली. मी घड्याळ लावलं: चार मिनिटं. मग ती कुठून तरी सुरू झाली. ते आठ फर्मे त्या चुकीच्या थप्पीवर तसेच. पुढची आठ पुस्तकं त्यातला एकेक चुकीचा फर्मा घेऊन जाणार होती, जेवणापर्यंत.

पंचवीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हलगर्जीपणाच्या बातम्या देतोय. 'जबाबदार कोण?' असा मथळा शेकड्याने दिला असेल.

आत गेलो आणि बाइंडरबाईंना म्हटलं, "तिला हटकणारा माणूस सापडला." त्यांनी यंत्र बंद केलं. सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "आणि मला फोन करून दम कुणी दिला होता?" मी यंत्राखालच्या कागदाच्या कपच्या वेचायला लागलो. "बरं," त्या म्हणाल्या, "एकतीसपर्यंत मोजू. पण फोन वाजला तर तुमचाच फर्मा करून शिवून टाकीन."

संध्याकाळी धाकटीला विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हं."

"कधीपासून?"

"तिसऱ्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

नेहमीचं अर्धं मिनिट, बहुधा जास्तच. "दहाला तुझी बातमी जाते. मग बारापर्यंत तुला कुणी काही विचारत नाही. मी घरी होते तेव्हा अकराला तू चहा करायला यायचास. आता कुठे जाणार?"

"अगं, नोकरी गेली असती तुझी!"

"हो."

"तुला हवी होती ना?"

"खूप," ती म्हणाली.

तिच्या तर्काला काही आधार नाही हे इथे नोंदवून ठेवतो. अकराला मला शंभर कामं असतात.

ता. २४, सोमवार

अकराला केलेली कामं: पेन धुतलं. चहावाल्याकडे गेलो. जुन्या कात्रणांना तारखेप्रमाणे लावलं, ती तशी लावलेलीच होती. चहावाल्याकडे गेलो. अनुष्टुभाच्या चौथ्या ओळीत एक अक्षर जड वाटत होतं ते दुरुस्त केलं, आता त्याचा उपयोग नसला तरी. चहावाला म्हणाला, "साहेब, आज ताईंचे आकडे काय म्हणतात?"

आज एकही पुस्तक चुकलं नाही.

ता. २७, गुरुवार

आज सहा चुकली. फोन मी केला नव्हता, शपथेवर सांगायला तयार आहे. धाकटीनेच उलगडा केला. मागच्या खोलीतून बाइंडरबाई ओरडल्या होत्या, "अगं, माझी कात्री तिकडे आहे का?" ती कात्री शोधायला गेली, आली, आणि जागा पुसलेली.

"मग तू बाईंना सांगितलंस?"

"त्या मालकीण आहेत."

"म्हणून काय झालं?"

"तू दादा होतास, तरी नाही सांगितलं."

ती हाताच्या तळव्यावर बोटाने रेघा ओढत बसली. मग म्हणाली, "जायलाच लागलं तर हातातले फर्मे थप्पीवर ठेवायचे नाहीत. टेबलाखाली फळी आहे, तिथे ठेवायचे. आणि पुढची जी थप्पी आहे तिच्यावर घड्या दाबायची पट्टी. म्हणजे डोक्याने काही धरायला नको, टेबलच धरेल."

मी म्हटलं, "हे छंदात बसवून देऊ का?"

तिने उशी फेकून मारली. नेम चांगला आहे.

ता. २९, शनिवार

कालपासून पट्टी वापरते. काल चुका शून्य, आज एक. ती एक तिने स्वतः जिना बघून काढली. एका पुस्तकाला ती इतरांपेक्षा जास्त वेळ घेते, हे आहेच. बाइंडरबाई काय ठरवणार त्याचा अंदाज लागत नाही. कात्री त्यांनी आता गळ्यात दोरीने अडकवली आहे, असं शिवणमावशीकडून कळलं.

धाकटीला आज विचारलं, नाहीच ठेवलं तर? म्हणाली, "तर दुसरी पाटी वाचीन." मग आत जाऊन तासभर पांघरूण घेऊन पडली. मी दार लोटून घेतलं.

ता. ३१, सोमवार

सकाळी धाकटी निघाली तेव्हा मी डबी तपासली नाही. फक्त बाटली.

अकराला कचेरीत बसून होतो. बारालाही. एकच्या सुमाराला दारात बाइंडरबाई, गळ्यात कात्री. चेहऱ्यावरून काही वाचता येईना. मी उठून खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

"तुमची बहीण," त्या म्हणाल्या, "फार उद्धट आहे हो!"

"काय झालं?"

"मी म्हटलं आज एकतीस, सांगून टाकावं. टेबलापाशी गेले. म्हटलं, 'अगं ऐक, उद्यापासून तू कायमची. जेवणापर्यंत काम, फक्त जुळवणी, बाकी काही नाही.' आनंदाने बोलायला गेले मी. तर मान वर न करता मला म्हणते, 'थांबा.'"

"मग?"

"मग काय! कारखाना माझा, टेबल माझं, बातमी माझ्या तोंडात, आणि मी हात बांधून उभी. आत मावशी शिवण सोडून तोंडाला पदर लावून हसतेय."

"किती वेळ?"

"सहाव्या थप्पीपाशी होती, चौदावीपर्यंत गेली. पुस्तक ठेवलं, पाठीवरचा जिना बघितला, बोट फिरवलं." बाईंनी हवेत बोट फिरवून दाखवलं. "मग मान वर केली आणि म्हणाली, 'हं, बोला.'"